जीवनसत्त्वांचे सूक्ष्मकोशन

सूक्ष्मकोशन, जीवनसत्त्वांचे : घन अथवा द्रव पदार्थाच्या अतिसूक्ष्म कणांभोवती दुसऱ्या एखाद्या पदार्थाचे पातळ व सलग आवरण चढविण्याच्या प्रक्रियेला सूक्ष्मकोशन म्हणतात. आतील पदार्थास गाभा, बाहेरील पदार्थास आवरणद्रव्य व अशा रीतीने तयार झालेल्या कणास सूक्ष्मकोश अशी संज्ञा आहे. सूक्ष्मकोशांचा व्यास सामान्यतः १ ते १,००० मायक्रोमीटर (१ मायक्रोमीटर = मिमी.चा हजारावा भाग) असतो. काही प्रकारांत गाभा एकसंध नसून आवरणद्रव्याच्या कणात ठिकठिकाणी विखुरलेला असतो. त्यांचाही समावेश व्यवहारात याच संज्ञेत केला जातो. जीवनसत्त्वांच्या बाबतीत या प्रक्रियेचे दोन हेतू असतात : साठवण, दळण, शिजविणे व जठरातील अम्ल यांपासून जीवनसत्त्वाचे रक्षण करणे आणि ते अन्नमार्गाच्या योग्य भागात योग्य वेळी मोकळे करणे. हे दोन हेतू परस्परविरोधी आहेत. आवरण जितके अभेद्य तितके रक्षण चांगले. पण तितकीच मुक्ती अवघड. या तंत्राचा इतिहास म्हणजे मुख्यतः या दोन गरजांचा मेळ घालण्याच्या प्रयत्नांचा इतिहास होय.

रक्षणाची गरज : जीवनसत्त्वे अत्यल्प प्रमाणात लागतात, परंतु त्यांपैकी बहुतेक रासायनिक दृष्ट्या अस्थिर असतात. अ जीवनसत्त्वाच्या रेणूत एकाआड एक दुहेरी बंध असल्यामुळे हवेतील ऑक्सिजन व प्रकाश यांचा त्यावर लवकर परिणाम होतो. क जीवनसत्त्वाचे पाण्यात, विशेषतः तांबे वा लोह यांच्या अत्यल्प सान्निध्यातही, जलद ऑक्सिडीकरण होते. ब१ जीवनसत्त्व (थायामीन) क्षारधर्मी माध्यमात व उष्णतेने नाश पावते. म्हणून डाळ शिजताना खाण्याचा सोडा घातला, तर त्याची हानी वाढते. फॉलिक अम्लावर प्रकाशाचा परिणाम होतो. शिवाय एकाच मिश्रणातील घटक एकमेकांस मारक ठरू शकतात. क जीवनसत्त्व व ब१२ जीवनसत्त्व किंवा लोहाची लवणे व अ जीवनसत्त्व एकत्र ठेवल्यास त्यांपैकी एकाचा ऱ्हास होण्याचा संभव असतो. प्रत्येक घटक वेगळ्या आवरणात बंद केल्यास एकाच पुडीत परस्परविरोधी घटक नांदू शकतात [⟶ जीवनसत्त्वे].

इतिहास : औषधाला आवरण घालण्याची कल्पना जीवनसत्त्वांच्या शोधाहून जुनी आहे. दुर्गंधी व बेचव औषधे गिळणे सोपे व्हावे म्हणून पॅरिस येथे १८३४ मध्ये मोथ व द्यूब्लांक यांनी जिलेटिनाच्या कोशाचे एकस्व (पेटंट) घेतले. हे आवरण जठरात विरघळणारे होते. जठर ओलांडून आतड्यात विरघळणारे आवरण ही त्यापुढील पायरी होय. जर्मन त्वचारोगतज्ज्ञ पाउल गेर्झोन उन्ना यांनी १८८४ मध्ये केराटिनाचे आवरण असलेल्या गोळ्या प्रचारात आणल्या. पुढे याच कामासाठी लाखेचा वापर झाला. पळस, कुसुंब व बोर यांसारख्या झाडांवरील लाखेच्या किड्यांपासून मिळणारी ही भारतीय राळ जठरातील अम्लात न विरघळता आतड्यातील अल्कधर्मी रसात विरघळते. एके काळी मुख्यतः बांगड्या व मोहरा यांसाठी माहीत असलेला हा पदार्थ औषधनिर्मितीत अशा रीतीने उपयोगी पडला. मात्र लाख नैसर्गिक पदार्थ असल्याने तिचा प्रत्येक घाणा सारख्या गुणधर्मांचा नसे व जुन्या गोळ्या न विरघळता तशाच शरीराबाहेर पडत. १९४० च्या सुमारास पुढे आलेले सेल्युलोज ॲसिटेट थॅलेट व १९५० नंतरच्या दशकात जर्मनीत तयार झालेली मिथाक्रिलिक अम्लाची बहुवारिके यांमुळे विशिष्ट पीएच मूल्यालाच विरघळणारे आवरण मिळू लागले.

‘व्हिटामिन’ ही संज्ञा काझिमिर फुंक यांनी १९१२ मध्ये सुचविली. त्यानंतरच्या तीन दशकांत बहुतेक जीवनसत्त्वे शुद्ध स्वरूपात वेगळी करण्यात आली. क जीवनसत्त्वाचे संश्लेषण १९३३ मध्ये, तर अ जीवनसत्त्वाचे उद्योगास उपयुक्त असे संश्लेषण १९४७ मध्ये बाझेल येथील रोश कंपनीच्या प्रयोगशाळेत ओटो इस्लर व त्यांचे सहकारी यांनी केले. तोपर्यंत अ जीवनसत्त्वाचा मुख्य स्रोत माशांच्या यकृताचे तेल हाच होता. दुसऱ्या महायुद्धात नॉर्वेहून येणारे कॉड माशाचे तेल बंद झाल्यामुळे भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर मुशीच्या (शार्कच्या) यकृताचे तेल काढण्यास चालना मिळाली. हे तेल बाटलीत टिके. पण ते पिठात वा गुरांच्या कोरड्या खाद्यात मिसळले, तर त्यातील जीवनसत्त्व थोड्याच काळात नष्ट होई. संश्लेषित जीवनसत्त्वाची स्थिती याहून वेगळी नव्हती. त्यामुळे जीवनसत्त्व तयार करण्याच्या प्रश्नाची जागा ते टिकविण्याच्या प्रश्नाने घेतली.

या प्रश्नाचे उत्तर कलिल रसायनशास्त्रातून मिळाले. बुंगेनबर्ग द योंग व क्राउट यांनी १९२९ मध्ये असे दाखविले की, जिलेटीन व बाभूळवर्गीय झाडांचा डिंक यांचे विद्राव एकत्र करून अम्लता योग्य तेवढी वाढविली असता, दोन्ही घटकांनी समृद्ध असा दाट द्रव थेंबांच्या रूपाने अलग होतो. या घटनेला कोॲसर्व्हेशन हे नाव देण्यात आले. त्याच मिश्रणात तेलाचे थेंब असतील, तर हा दाट द्रव त्यांच्याभोवती जमून कवच तयार होते. या तत्त्वाचा पहिला मोठा व्यापारी उपयोग अन्नात वा औषधात न होता कागदात झाला. अमेरिकेतील नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीत बॅरेट ग्रीन यांनी शाईजनक द्रव्याचे सूक्ष्मकोश कागदाच्या पाठीवर लेपले. लेखणीच्या दाबाने ते फुटून खालच्या कागदावर अक्षर उमटे. कार्बनविरहित नकलेचा हा कागद १९५४ मध्ये बाजारात आला. याच सुमारास विस्कॉन्सिन विद्यापीठात डेल वुर्स्टर यांनी हवेच्या झोतावर तरंगणाऱ्या कणांवर फवाऱ्याने लेप देण्याची पद्धत विकसित केली. जिलेटिनात बसविलेले अ जीवनसत्त्वाचे मणी पशुखाद्यात व पुढे मानवी अन्नात वापरले जाऊ लागले.

पद्धती व आवरणद्रव्ये : सर्वांत स्वस्त व प्रचलित पद्धत तुषार शुष्कनाची आहे. आवरणद्रव्याच्या विद्रावात जीवनसत्त्वाचे पायस करून ते उष्ण हवेत फवारतात. पाणी उडून जाते व कोरडी भुकटी उरते. बाष्पीभवनामुळे थेंब थंड राहतो व उष्ण हवेशी संपर्क अल्पकाळ येतो, म्हणून उष्णतेने होणारी हानी मर्यादित राहते. या पद्धतीत डिंक, माल्टोडेक्स्ट्रीन, रूपांतरित स्टार्च व दुधातील प्रथिने ही आवरणद्रव्ये वापरतात. ती पाण्यात विरघळणारी असल्याने अशा भुकटीस कोरडेपणी संरक्षण मिळते. परंतु भांड्यात पाणी पडताच ते संपते. पाण्यात विरघळणाऱ्या ब व क गटांतील जीवनसत्त्वांसाठी म्हणून वितळलेल्या मेदाचा लेप देतात. हा लेप ओलसरपणा थोपवितो, पण शिजविण्याच्या तापमानाला वितळतो. अल्जिनेटाचे कॅल्शियमाने घट्ट केलेले मणी, कोळंबीच्या टरफलांपासून मिळणारे कायटोसान व पीएच मूल्यानुसार विरघळणारी बहुवारिके हे इतर पर्याय होत. कोणतेही आवरणद्रव्य सर्व परिस्थितींत उपयुक्त नसते. अन्न कसे साठविले जाते व कसे शिजविले जाते, हे पाहूनच निवड करावी लागते.

अन्नमार्गातील मुक्ती : उपाशीपोटी जठरातील पीएच मूल्य सु. १.५ ते ३.५ असते, तर लघ्वांत्रात ते ६ ते ७.५ पर्यंत चढते. या फरकाचा उपयोग करून मुक्तीचे स्थान ठरविता येते. मात्र प्रत्येक जीवनसत्त्वाच्या शोषणाचे ठिकाण ठरलेले असते. अ जीवनसत्त्व लघ्वांत्राच्या वरच्या भागात, पित्त व आहारातील मेद यांच्या साहाय्याने शोषले जाते. फॉलिक अम्ल मुख्यतः लघ्वांत्राच्या आरंभीच्या व मधल्या भागात. तर ब१२ जीवनसत्त्व जठरातून स्रवणाऱ्या एका प्रथिनाशी बद्ध होऊन लघ्वांत्राच्या शेवटच्या भागात शोषले जाते. अन्न लघ्वांत्रातून काही तासांतच पुढे सरकते. त्या अवधीत कोश उघडला नाही, तर उत्तम टिकलेले जीवनसत्त्वही बृहदांत्रात जाऊन वाया जाते. म्हणून ‘नियंत्रित मुक्ती’ याचा अर्थ केवळ मंद मुक्ती असा नाही.

ही अडचण किती खरी आहे, हे मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथील रॉबर्ट लँगर, ॲना जॅक्लेनेक व त्यांचे सहकारी यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनावरून दिसते. जठरातील अम्लातच विरघळणाऱ्या एका मिथाक्रिलेट बहुवारिकात त्यांनी ११ सूक्ष्मपोषके बंदिस्त केली. हे कण दोन तास उकळत्या पाण्यात टिकले. तथापि लोहयुक्त कणांची मानवी चाचणी झाली, तेव्हा कोशातील लोहाचे शोषण मुक्त लोहाहून कमी भरले. कणातील लोहाचे प्रमाण वाढवून व रचना बदलून पुन्हा चाचणी केल्यावरच ते मुक्त लोहाच्या जवळपास पोहोचले. प्रयोगशाळेतील टिकाऊपणा हे शरीरातील उपलब्धतेचे प्रमाण नव्हे, हा या प्रयोगाचा बोध आहे.

महाराष्ट्रातील कार्य : जीवनसत्त्वांच्या इतिहासात मुंबईला महत्त्वाचे स्थान आहे. ब्रिटिश वैद्य ल्यूसी विल्स १९२८ मध्ये मुंबईस आल्या व हाफकिन संस्थेत राहून त्यांनी गरोदर स्त्रियांना होणाऱ्या पांडुरोगाचा (रक्तक्षयाचा) अभ्यास केला. गरीब, विशेषतः कापडगिरण्यांतील कामगार स्त्रियांत हा रोग तीव्र असे. यीस्टच्या अर्काने तो बरा होतो, हे त्यांनी १९३१ मध्ये प्रसिद्ध केले. ‘विल्स घटक’ म्हणून काही काळ ओळखले गेलेले हे द्रव्य म्हणजेच पुढे १९४१ मध्ये नाव मिळालेले फॉलिक अम्ल होय. रोगाचे कारण व उपाय असे दोन्ही या प्रांतातच हाती आले. परंतु उपाय त्याच वर्गातील स्त्रियांच्या रोजच्या अन्नात कसा पोहोचवावा, हा प्रश्न त्यानंतरही दीर्घकाळ राहिला.

स्वातंत्र्योत्तर काळात अ जीवनसत्त्वाचे उत्पादन ठाणे परिसरात सुरू झाले. गवती चहाच्या जातीतील गवताच्या तेलात मिळणारे सिट्रल हा त्यासाठीचा कच्चा माल भारतातच उपलब्ध होता. बाळकुम येथील रोश कंपनीचा कारखाना या उत्पादनासाठी प्रसिद्ध होता. ही भारतीय कंपनी १९९३ मध्ये पिरामल उद्योगसमूहाने घेतली. वनस्पती तुपात अ जीवनसत्त्व घालणे १९५३ पासून बंधनकारक झाले (दर ग्रॅमला २५ आंतरराष्ट्रीय एकके). तूप हेच येथे विद्रावक व काही अंशी संरक्षकही असल्याने निराळ्या कोशाची गरज पडली नाही. १९७० मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात लहान मुलांना दर सहा महिन्यांनी अ जीवनसत्त्वाची २ लक्ष एककांपर्यंतची मोठी मात्रा तोंडाने देण्यात येऊ लागली. यात साठवण व मंद मुक्ती ही दोन्ही कामे शरीरातील यकृतच करते. पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वे मात्र शरीरात फारशी साठत नाहीत (ब१२ हा अपवाद), म्हणून त्यांच्यासाठी हा मार्ग उपलब्ध नाही.

सूक्ष्मकोशनाच्या तंत्रावर मुंबईच्या रासायनिक तंत्रज्ञान संस्थेत (स्थापना १९३३) उल्लेखनीय संशोधन झाले. रेखा सिंघल व त्यांचे सहकारी यांनी वेलदोड्याच्या तैलराळेसाठी आवरणद्रव्यांची तुलना करून २००५ मध्ये असे दाखविले की, केवळ डिंकापेक्षा डिंक, माल्टोडेक्स्ट्रीन व रूपांतरित स्टार्च यांचे योग्य प्रमाणातील मिश्रण अधिक चांगले संरक्षण देते. हा अभ्यास मसाल्याच्या सुगंधी द्रव्यांसंबंधी असला, तरी सहज ऑक्सिडीकरण होणाऱ्या जीवनसत्त्वांसही तेच तत्त्व लागू पडते. आयात डिंक महाग असल्याने या निष्कर्षाला आर्थिक महत्त्वही आहे.

प्रत्यक्ष मुलांवरील प्रयोग पुणे जिल्ह्यातील वढू येथे झाला. येथे पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाचा ग्रामीण आरोग्य प्रकल्प आहे. टोराँटो येथील बालरोगतज्ज्ञ स्टॅन्ली झ्लॉटकिन यांनी १९९० नंतरच्या दशकात घरच्या अन्नावर भुरभुरण्याची पुडी तयार केली होती. तीत मेदाच्या पातळ आवरणातील लोहाबरोबर जीवनसत्त्वे असत. लोह हे जीवनसत्त्व नव्हे. परंतु त्याच्या कोशामुळे धातूची चव लागत नाही, अन्नाचा रंग बदलत नाही व पुडीतील इतर घटक सुरक्षित राहतात. वढूच्या प्रयोगात ६ ते १८ महिने वयाच्या, रक्तक्षय असलेल्या चारशेहून अधिक मुलांना आठ आठवडे ही पुडी वेगवेगळ्या मात्रांत किंवा नेहमीचे लोहाचे थेंब देण्यात आले. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार १२.५ मिग्रॅ. लोहाच्या कमी मात्रेच्या पुडीनेही हीमोग्लोबिनात जास्त मात्रेइतकीच वाढ झाली. उष्णता लागून गेल्यानंतर, ताटातल्या अन्नावर पुडी घालावयाची असल्याने कोशाला शिजण्यातून तावूनसुलाखून निघावे लागत नाही, हे या पद्धतीच्या साधेपणाचे मर्म आहे.

बार्शी व ज्वारीचा प्रदेश : धान्य समृद्ध करण्याच्या योजना कोठे लागू पडतात व कोठे नाहीत, हे सोलापूर जिल्ह्यातील बार्शीसारख्या भागाच्या आहारावरून स्पष्ट होते. बालाघाट डोंगररांगांच्या पायथ्याशी, मराठवाड्याच्या सीमेवर वसलेली बार्शी ही धान्य, कडधान्ये व गळिताची धान्ये यांची जुनी बाजारपेठ आहे. १८९७ मध्ये सुरू झालेल्या बार्शी लाइट रेल्वेमुळे या व्यापारास मोठी चालना मिळाली. रब्बी ज्वारी हे या प्रदेशाचे प्रमुख अन्न. जिल्ह्यातील मोहोळ येथील केंद्रात निवड पद्धतीने तयार झालेला मालदांडी हा वाण तिच्या भाकरीसाठी प्रसिद्ध आहे.

ज्वारीच्या दाण्यातच नैसर्गिक कोशबंधनाचे एक उदाहरण आढळते. तिच्यातील नियासिनाचा (ब गटातील एका जीवनसत्त्वाचा) काही भाग जटिल संयुगांत बद्ध असतो. तो टिकतो, परंतु आतड्यात सहज सुटत नाही. मक्यात हे प्रमाण अधिक आहे. मेक्सिकोतील लोक मका चुन्याच्या पाण्यात शिजवून हा बंध परंपरेने तोडत आले आहेत. दख्खनमधील ज्वारीभोजी गरीब लोकांत आढळणाऱ्या पेलाग्रा रोगाचा अभ्यास हैदराबाद येथील सी. गोपालन व एस. जी. श्रीकांतिया यांनी केला. ज्वारीतील ल्युसीन या ॲमिनो अम्लाचा अतिरेक हे त्याचे कारण असावे, असे त्यांनी १९६० मध्ये मांडले. या उपपत्तीविषयी पुढे मतभेद झाले. तथापि धान्यात एखादे पोषक आहे एवढ्यावरून ते शरीराला मिळतेच असे नाही, हे या अभ्यासाने ठळकपणे पुढे आणले. ज्वारीतील लोहाचीही हीच अवस्था आहे. फायटेटांमुळे त्याचे शोषण मंदावते. आंबवून केलेली आंबील, मोड आणलेली कडधान्ये व जेवणातील लिंबू यांनी हा अडसर काही प्रमाणात दूर होतो. म्हणजे रक्षण व मुक्ती यांचा मेळ घालण्याचे काम स्वयंपाकघरात पूर्वीपासून होत आले आहे.

भाकरीचे पीठ गावच्या गिरणीत थोडेथोडे दळून आणतात, कारण ते फार दिवस राहिल्यास कडवट होते. मोठ्या कारखान्यात पिठात जीवनसत्त्वे मिसळण्याची पद्धत येथे म्हणून निरुपयोगी ठरते. पीठ गरम पाण्याने मळून तापल्या तव्यावर व मग निखाऱ्यावर किंवा ज्योतीवर भाजतात. पाण्यात विरघळणारे आवरण मळताना व मेदाचे आवरण भाजताना नाहीसे होईल. अशा प्रदेशात समृद्ध अन्न पोहोचण्याचे मार्ग म्हणजे बाजारातील मीठ, तेल, शिधावाटप दुकानातील तांदूळ व शाळेत मिळणारी खिचडी हेच राहतात.

समृद्ध तांदूळ : अन्न समृद्धीकरणासंबंधीचे भारतीय नियम २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनुसार १ किग्रॅ. समृद्ध तांदळात २८ ते ४२.५ मिग्रॅ. लोह, ७५ ते १२५ मायक्रोग्रॅम फॉलिक अम्ल व ०.७५ ते १.२५ मायक्रोग्रॅम ब१२ जीवनसत्त्व असावे लागते. यासाठी तांदळाच्या पिठात ही द्रव्ये मळून यंत्रातून तांदळाच्या आकाराचे दाणे काढतात व ते साध्या तांदळात शंभरास एक या प्रमाणात मिसळतात. काटेकोरपणे पाहता हे सूक्ष्मकोशन नव्हे. परंतु पोषकद्रव्य दाण्याच्या आत ठेवून धुण्या-शिजविण्यातून वाचविण्याचे तत्त्व तेच आहे. केंद्र सरकारच्या प्रायोगिक योजनेत महाराष्ट्रातून गडचिरोली जिल्हा निवडण्यात आला होता. मार्च २०२४ पर्यंत शासकीय योजनांतील तांदूळ टप्प्याटप्प्याने समृद्ध करण्यात आला व ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने हा पुरवठा डिसेंबर २०२८ पर्यंत चालू ठेवण्यास मान्यता दिली.

या योजनेने काही प्रश्नही पुढे आणले. कृत्रिम दाणे रंगाने व वजनाने किंचित वेगळे असल्याने अनेक ठिकाणी ते ‘प्लॅस्टिकचे तांदूळ’ समजून वेचून टाकले गेले. वेचलेल्या दाण्याबरोबर त्यातील सर्व पोषकद्रव्येही जातात. थॅलॅसीमिया व दात्रकोशिका रक्तक्षय (सिकल सेल) असलेल्यांनी लोहयुक्त अन्नाबाबत वैद्यकीय सल्ला घ्यावा, अशी सूचना पिशवीवर छापणे मूळ नियमांत बंधनकारक होते. तज्ज्ञ समितीच्या शिफारशीनंतर २०२४ मध्ये ते बंधन काढण्यात आले. गडचिरोलीसारख्या, दात्रकोशिका रक्तक्षय आढळणाऱ्या जिल्ह्यात हा विषय केवळ तांत्रिक राहत नाही. कोणास काय दिले जात आहे, हे घेणाऱ्यास समजेल अशा भाषेत सांगणे हाही योजनेचा भाग ठरतो.

मूल्यमापन : सूक्ष्मकोशनामुळे जीवनसत्त्वांचा साठवणकाल वाढला, त्यांची अप्रिय चव झाकता आली व परस्परविरोधी घटक एकत्र देणे शक्य झाले. मिठात आयोडिनाबरोबर लोह घालताना दोहोंपैकी एकास कोशात ठेवण्याची युक्ती याच तत्त्वावर आधारलेली आहे. तथापि आवरणाचा खर्च, आवरणद्रव्याची सुरक्षितता व दमट हवेतील दीर्घ साठवण या मर्यादा राहतातच. पिशवीवर छापलेले प्रमाण कारखान्यातून बाहेर पडतानाचे असते. ताटात उरते ते त्याहून कमी व रक्तात पोहोचते ते आणखी कमी. म्हणून अशा कोणत्याही उत्पादनाची अंतिम कसोटी त्यात किती जीवनसत्त्व घातले ही नसून, ज्या लोकांसाठी ते तयार केले, त्यांच्या नेहमीच्या अन्नात, त्यांच्या शिजविण्याच्या पद्धतीने शिजविल्यानंतर त्यांच्या शरीरात किती पोहोचले, ही होय. विविध धान्ये, कडधान्ये, पालेभाज्या, दूध व पुरेसे मेद असलेला आहार जेथे परवडतो, तेथे कोशाची गरज अल्प राहते. जेथे तो परवडत नाही, तेथे कोश त्याची जागा घेऊ शकत नाही, फक्त उणीव काही अंशी भरून काढू शकतो.